खांद्याला खांदा : टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतींचा इतिहास

न्यूयॉर्क शहरात सिक्स्थ ॲव्हेन्यूवर एक प्रचंड इमारत उभी आहे. अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीच्या लांब पल्ल्याच्या टेलिफोनचे ते मुख्य ठाणे. रॅल्फ वॉकर या वास्तुशिल्पकाराने तिला आजचे रूप दिले ते १९३२ साली. तिच्या प्रवेशदालनात एका भिंतीवर रंगीत फरशांचा जगाचा नकाशा आहे आणि त्याच्यालगत मजकूर आहे : टेलिफोनच्या तारांनी आणि रेडिओने राष्ट्राराष्ट्रांना एकमेकांचे शेजारी केले, असा त्याचा आशय. इमारत आता अधिकृत वारसा-वास्तू आहे. प्रवासी तो नकाशा कौतुकाने पाहतात आणि कौतुक करण्याजोगा तो आहेही.

परंतु ज्या वर्षी हा नकाशा भिंतीवर चढला, त्या वर्षी त्याच कंपनीच्या न्यूयॉर्कमधील स्विचबोर्डावर गोऱ्या मुलीच्या शेजारच्या खुर्चीत काळ्या मुलीला बसता येत नव्हते. चीन आणि चिली शेजारी झाले होते. हार्लेमची मुलगी आणि ब्रुकलिनची मुलगी मात्र शेजारी होऊ शकत नव्हत्या.

इमारतींचे इतिहास आपल्याकडे काय किंवा तिकडे काय, बहुधा बांधणाऱ्या धनिकाच्या आणि आराखडा काढणाऱ्या शिल्पज्ञाच्या नावाने लिहिले जातात. दगड कुठून आणला, कमान कोणत्या शैलीची, हे त्यात सविस्तर येते. आत कोण बसत होते, कोणाला दारातून परत पाठवले जात होते, झाडू मारायला कोणत्या जिन्याने यावे लागत होते, हे येत नाही. टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीला तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कारण ही इमारत मुळात माणसांना एकमेकांशी जोडण्यासाठीच जन्माला आली.

टेलिफोनचा शोध १८७६ चा. पहिली दोन वर्षे एका घरातून दुसऱ्या घरात, एका दुकानातून त्याच्या गोदामात अशा सुट्या तारा टाकल्या जात. पन्नास माणसांना एकमेकांशी बोलायचे तर प्रत्येकाच्या घरातून एकोणपन्नास तारा निघायला हव्यात. यावर तोडगा म्हणजे सगळ्या तारा एका खोलीत आणायच्या आणि तिथे बसलेल्या माणसाने हव्या त्या दोन तारा जोडून द्यायच्या. २८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेतील न्यू हेवन गावी बोर्डमन नावाच्या इमारतीत असे पहिले व्यापारी एक्स्चेंज सुरू झाले, तेव्हा त्याचे ग्राहक होते एकवीस. त्या इमारतीला पुढे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला आणि तो मान असतानाच १९७३ साली ती पाडली गेली. स्मारक म्हणून घोषित होणे आणि टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सुरुवातीला हे काम तारखात्यातल्या पोरांना दिले. पोरे ग्राहकांशी उर्मटपणे बोलत, आपापसात मारामाऱ्या करीत. मग १ सप्टेंबर १८७८ रोजी बॉस्टनमध्ये एमा नट ही पहिली स्त्री ऑपरेटर म्हणून बसली आणि काही वर्षांतच हे काम बायकांचे ठरले. बायकांचे म्हणजे कोणत्या बायकांचे? अविवाहित, तरुण, गोऱ्या आणि शक्यतो अमेरिकेतच जन्मलेल्या. त्यांच्या उच्चारांची परीक्षा होई, हात किती लांब पोचतो याचे माप घेतले जाई. श्रीमंत ग्राहकाच्या कानात पडणारा आवाज 'घरंदाज' असला पाहिजे, हा कंपनीचा आग्रह होता. ज्यू मुलींना बराच काळ अघोषित बंदी होती. काळ्या मुलींचा तर प्रश्नच येत नव्हता.

येथे त्या कामाची रचना थोडी बारकाईने पाहिली पाहिजे. मोठ्या शहरातला स्विचबोर्ड म्हणजे एक लांबच लांब लाकडी भिंत. तिच्यासमोर उंच खुर्च्यांवर शंभर-दीडशे मुली ओळीने बसत. शहरातल्या प्रत्येक टेलिफोनचे छिद्र प्रत्येक मुलीच्या हाताच्या टप्प्यात असावे म्हणून छिद्रांचा तोच संच दर दोन-तीन खुर्च्यांमागे पुन्हा पुन्हा मांडलेला असे. म्हणजे संपूर्ण संचापर्यंत पोचायचे तर मुलीला स्वतःच्या फळीपुरते राहून भागत नसे; डावीकडच्या आणि उजवीकडच्या मुलीच्या अंगावरून हात न्यावा लागे. दिवसभर खांद्याला खांदा, कोपराला कोपर. स्पर्श टाळून हे काम करताच येत नव्हते. आणि नेमके हेच कारण काळ्या मुलींना नाकारताना पुढे केले जाई. आमची काही हरकत नाही, पण गोऱ्या मुली इतक्या जवळ बसायला तयार होणार नाहीत, ग्राहकांना आवडणार नाही, असे कंपन्या सांगत.

हे उत्तर आपल्या वाचकाला ओळखीचे वाटेल. आमच्या मनात काही नाही, गावाला चालणार नाही. मंदिराच्या पायरीवर, विहिरीच्या काठावर, भाड्याच्या खोलीच्या दारात हे वाक्य आपल्या किती पिढ्यांनी ऐकले आहे! वर्ण आणि जात या दोन व्यवस्था एक नव्हेत. त्यांचा उगम वेगळा, समर्थनाची शास्त्रे वेगळी. त्यांची सरसकट सरमिसळ करणाऱ्यांपैकी मी नाही. पण स्पर्शाची भीती नेहमी तिसऱ्याच माणसाच्या नावावर खपवली जाते, एवढा धागा दोन्हींत सारखा आहे.

काळी माणसे एक्स्चेंजच्या इमारतीत नव्हती असे मात्र नाही. ती लिफ्ट चालवीत होती, फरशी पुसत होती, ऑपरेटर मुलींच्या उपाहारगृहात बशा धूत होती. या इमारतींत मुलींसाठी विश्रांतीच्या खोल्या असत, कोच, पुस्तके, कधी पियानोही. कंपनी आपल्या जाहिरातीत त्यांची चित्रे छापी. त्या खोल्या स्वच्छ ठेवणारे हात चित्रात नसत.

आता यंत्राकडे वळू. १८९१ साली आल्मन स्ट्रोजर या कॅन्सस सिटीतल्या गृहस्थाला स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळाले. गृहस्थांचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. प्रतिस्पर्ध्याची बायको ऑपरेटर असून ती आपली गिऱ्हाइके त्याच्याकडे वळवते, असा त्यांना संशय होता, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी कशीही असो, मधले माणूस काढून टाकणे हाच त्या यंत्राचा हेतू होता यात शंका नाही. १८९२ साली इंडियाना राज्यात ला पोर्ट येथे ते पहिल्यांदा चालू झाले. पण बलाढ्य बेल कंपनीने ते पंचवीसएक वर्षे जवळ केले नाही. गोऱ्या मुलींची मजुरी स्वस्त होती आणि त्यांचा आवाज ही कंपनीची शोभा होती. एप्रिल १९१९ मध्ये न्यू इंग्लंडच्या हजारो ऑपरेटर मुलींनी ज्युलिया ओ'कॉनर यांच्या नेतृत्वाखाली संप करून टेलिफोन ठप्प केला आणि सहा दिवसांत तो जिंकला. त्याच वर्षी बेलने नॉरफोक शहरात आपले पहिले मोठे स्वयंचलित एक्स्चेंज सुरू केले. यंत्राची तयारी संपाआधीपासून चालू होती, तेव्हा संप झाला म्हणून यंत्र आले असे सरळ गणित मांडणे चूक ठरेल. पण मुलींची स्वस्ताई संपत चालली हे मालकांना कळले होते, एवढे निश्चित.

यंत्र आले तरी ऑपरेटर एकदम गेल्या नाहीत. गावातल्या गावात फोन फिरवून लागू लागला. परगावचा फोन मात्र मुलींच्याच हातून जोडला जाई. म्हणून १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या इमारती दुहेरी आहेत. १९२६ साली पुरी झालेली बत्तीस मजल्यांची बार्कले-व्हेसी ही वॉकरचीच इमारत पाहावी. यंत्रांचे वजन पेलणारे जाड खांब आणि जमीन, उंच छत. आणि माणसांसाठी खिडक्या, हवा, भोजनगृहे. अर्धे घर यंत्राचे, अर्धे माणसांचे.

बाहेर हार्लेममध्ये मात्र चळवळ पेटत होती. १९३८ साली ॲडम क्लेटन पॉवेल (धाकटे) यांच्या पुढाकाराने वीज कंपनी आणि टेलिफोन कंपनी यांच्याविरुद्ध नोकऱ्यांसाठी मोहीम झाली. बिल आमच्याकडून घेता, मग काम का देत नाही, हा त्यांचा साधा सवाल होता. दुसऱ्या महायुद्धाने माणसांची टंचाई निर्माण केली आणि युद्धाच्या अखेरीअखेरीस न्यूयॉर्कच्या टेलिफोन कंपनीने पहिल्या काळ्या ऑपरेटर मुली घेतल्या. दारात फट पडली.

ही फट किती अरुंद होती ते बाल्टिमोरच्या उदाहरणावरून दिसते. टेलिफोनची तार आणि सामग्री बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक या बेलच्याच कंपनीचा तेथे पॉइंट ब्रीझ नावाचा कारखाना होता. डिसेंबर १९४३ मध्ये तेथील गोऱ्या कामगारांनी संप केला. मागणी पगाराची नव्हती, तासांची नव्हती. काळ्या कामगारांसाठी संडास वेगळे करा, ही मागणी होती. युद्धकाळात हिटलरच्या वंशवादाशी लढणाऱ्या देशात सैन्याला तो कारखाना ताब्यात घ्यावा लागला. मार्च १९४४ मध्ये तो परत केला, तेव्हा कपड्यांच्या कपाटांची वाटणीच अशी करून ठेवली होती की व्यवहारात वेगळेपण चालू राहावे. महाडचे तळे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या संपाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

१९६४ चा नागरी हक्क कायदा आला आणि चित्र झपाट्याने पालटले. काळ्या चळवळीचा रेटा होता, कायद्याचा धाक होता. पण आणखी एक गोष्ट घडत होती, आणि माझ्या मते तीच निर्णायक आहे. गोऱ्या मुलींना आता बँका, विमा कंपन्या, शाळा येथे बऱ्या नोकऱ्या मिळू लागल्या होत्या. ऑपरेटरचे काम कमी पगाराचे, मिनिटामिनिटाच्या देखरेखीचे. बोलताना ठरलेल्या वाक्यांबाहेर जायचे नाही, लघवीला जायचे तरी परवानगी. त्या काम सोडून जाऊ लागल्या. त्यांच्या खुर्च्यांवर मोठ्या शहरांतून काळ्या मुली आल्या. ज्या हॉलमध्ये त्यांच्या आयांना फक्त फरशी पुसायला येता येत होते, तेथे त्या हेडसेट लावून बसल्या. हा विजय होता, तो नाकारण्याचे कारण नाही.

पण त्याच सुमारास लांब पल्ल्याचे फोनही ग्राहक स्वतः फिरवू लागले होते. त्याची सुरुवात १९५१ साली न्यू जर्सीतल्या एंगलवुड गावापासून झाली होती. दर वर्षी स्विचबोर्डाच्या आणखी काही फळ्या उतरवल्या जात होत्या. व्हीनस ग्रीन या काळ्या इतिहासकार बाईंनी स्वतः न्यूयॉर्कच्या टेलिफोन कंपनीत तंत्रज्ञ म्हणून अनेक वर्षे काम केले आणि मग या कामगार स्त्रियांचा इतिहास लिहिला. काळ्या स्त्रियांना प्रवेश मिळाला तो अशा कामात, ज्याचा अंत मालकाच्या कागदावर आधीच ठरलेला होता, ही गोष्ट त्यांच्या संशोधनातून पुढे येते.

१९७० च्या अखेरीस कंपनीने सरकारी आयोगाकडे दरवाढ मागितली. तेव्हा समान रोजगार संधी आयोगाने मध्येच हात घातला : जी कंपनी स्त्रियांशी आणि काळ्यांशी भेदभाव करते तिला दरवाढ देऊ नका. हजारो पानांचा पुरावा उभा राहिला. अखेर १८ जानेवारी १९७३ रोजी तडजोड झाली. सुमारे पंधरा हजार कर्मचाऱ्यांना, म्हणजे तेरा हजार स्त्रिया आणि दोन हजार अल्पसंख्य पुरुष यांना, मागील अन्यायापोटी सुमारे दीड कोटी डॉलर आणि शिवाय वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख डॉलरची पगारवाढ. वरच्या जागांवर स्त्रिया आणि काळे किती घ्यायचे याची उद्दिष्टेही ठरली. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या खाजगी मालकाला हे कबूल करावे लागले. खाजगी क्षेत्रात असे काही करताच येत नाही, गुणवत्ता बुडेल, असे आपल्याकडे जे छातीठोक सांगतात, त्यांनी ही तारीख लिहून ठेवावी.

आता तडजोडीच्या दुसऱ्याच वर्षाची एक इमारत पाहू. १९७४ साली त्याच कंपनीने न्यूयॉर्कमध्ये थॉमस स्ट्रीटवर एकोणतीस मजल्यांचे नवे एक्स्चेंज बांधून पुरे केले. त्याला एकही खिडकी नाही. दगडी पाट्यांची आंधळी भिंत थेट आकाशात गेलेली. आतला एकेक मजला साध्या इमारतीच्या जवळजवळ दीडपट उंच, कारण तो यंत्राच्या मापाने बांधलेला आहे. यंत्राला उजेड लागत नाही आणि रस्ताही पाहायचा नसतो. काळ्या स्त्रीने वरची जागा मागितली आणि ती कागदावर मिळाली, तेव्हा कंपनीची नवी इमारत माणसाशिवाय चालायला शिकली होती.

जुन्या इमारतींचे काय झाले? यंत्रेही पुढे आक्रसली. एका मजल्यावर मावणारे काम एका कपाटात मावू लागले आणि मजलेच्या मजले रिकामे झाले. सिक्स्थ ॲव्हेन्यूवरची नकाशावाली इमारत आता अनेक कंपन्यांच्या संगणकांचे आणि तारांचे गोदाम आहे. बार्कले-व्हेसीच्या वरच्या मजल्यांवर धनिकांची घरे झाली. अठराव्या रस्त्यावरच्या १९२९ च्या एक्स्चेंजला तर 'वॉकर टॉवर' असे शिल्पज्ञाचेच नाव देऊन तिचे वरचे मजले विकले. जानेवारी २०१४ मध्ये त्यातले माथ्यावरचे एक घर ५ कोटी ९ लाख डॉलरला गेले. उंच छत आणि मोठ्या खिडक्या यांची जाहिरात झाली. ते छत इतके उंच का, हे विचारायचे कारण विकत घेणाऱ्याला नसावे.

हा सारा इतिहास अमेरिकेचा. पण आपल्या देशात एक्स्चेंज आले ते अमेरिकेमागोमाग अवघ्या चार वर्षांनी. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्त्याचे एक्स्चेंज उघडले आणि त्याच वर्षी मुंबई व मद्रासचीही. मालक कंपन्या विलायती भांडवलाच्या. खुर्चीवर पुढे प्रामुख्याने अँग्लो-इंडियन मुली आल्या. इंग्रजी उच्चार हाच इथलाही उंबरठा. त्या समाजाचे टपाल-तार, रेल्वे, जकात या खात्यांवरचे अवलंबित्व इतके होते की भारतीय संविधानाच्या ३३६ व्या कलमात त्यांच्यासाठी त्या नोकऱ्यांत दहा वर्षांची, दर दोन वर्षांनी दहा टक्क्यांनी घटत जाणारी खास तरतूद करावी लागली. राखीव जागांना नाक मुरडणाऱ्यांना हे कलम सहसा आठवत नाही.

दलितांसाठी १९४३ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रासच्या टेलिफोन कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, त्यांनी आदल्या वर्षी दिलेल्या निवेदनाचे फळ म्हणून, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. १९४६ मध्ये ते प्रमाण १२.५ टक्के झाले आणि १९७० मध्ये अनुसूचित जातींसाठी १५ टक्के. या दोन घटनांचा एकमेकींशी कारणसंबंध नाही. पण कंपनीची इमारत सरकारी झाली नसती तर राखीव जागेचा हुकूम तिच्या फाटकाशीच थांबला असता.

इमारतीत शिरण्याआधी आपली माणसे इमारतीबाहेर होतीच. रस्त्याकडेचे केबलचे चर कोणी खणले? भूमिहीन दलितांनी, वडारांसारख्या जमातींनी, रोजंदारीवर, वर्षानुवर्षे. ज्या तारेसाठी चर खणला तिच्यावरून एक शब्द बोलण्याची ऐपत त्यांच्यात नव्हती. टपाल-तार खात्याच्या या रोजंदारी मजुरांना नियमित नोकराच्या किमान वेतनाइतका मोबदला द्या आणि त्यांना कायम करण्याची योजना आखा, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १९८७ साली.

आणि मग उतरंड. १९८६ मध्ये मुंबई-दिल्लीचे टेलिफोन महानगर निगमकडे गेले, १ ऑक्टोबर २००० रोजी उरलेले भारत संचार निगमकडे. दरम्यान खाजगी मोबाइल कंपन्या आल्या. त्यांना राखीव जागांचे बंधन नव्हते आणि आजही नाही. जानेवारी २०२० अखेर एकाच दिवशी भारत संचार निगमचे ७८,००० हून अधिक आणि महानगर निगमचे १४,००० हून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेखाली बाहेर पडले. त्या जागा भरायच्याच नाहीत असे ठरले, की तिथे राखीव काय आणि खुले काय, हा प्रश्नच उरत नाही. सुधारणेचे हे तंत्र मोठे निर्मळ दिसते. त्यात कोणालाही नाकारावे लागत नाही.

माझ्या ओळखीच्या एक बाई १९८४ साली एका जिल्ह्याच्या गावी ट्रंक ऑपरेटर म्हणून लागल्या. त्यांच्या वस्तीतली ती पहिली सरकारी नोकरी करणारी स्त्री. आई गावची झाडलोट करणारी. पहिल्या दिवशी हेडसेट डोक्यावर चढवताना केसांचे तेल त्याला लागेल म्हणून त्यांनी पहाटे डोके धुतले होते. हॉलमध्ये दहा-बारा खुर्च्या, समोर दिवे लुकलुकणारा बोर्ड. हेडसेट ज्याचा त्याचा. खुर्ची मात्र सामायिक, एकीची पाळी संपली की दुसरीने बसायचे. त्यांच्यानंतरच्या पाळीला येणारी एक सहकारी बाई खुर्चीवर स्वतःचा रुमाल अंथरून मगच बसे. बोलायला गोड. दिवाळीला फराळ देई, घेत नसे. हे सहासात वर्षे चालले. मग घरोघरीचे फोन थेट लागू लागले, ट्रंक बोर्ड बंद झाला, बोर्डाचे लाकूड लिलावात गेले आणि दोघींनाही बिलाच्या खिडकीवर बसवले. तिथे खुर्च्या वेगळ्या होत्या.

मागच्या वर्षी मी त्या गावी गेलो तेव्हा बाई मला मुद्दाम ती इमारत दाखवायला घेऊन गेल्या. तळमजल्यावर एका खोलीत यंत्राची कपाटे गुणगुणत होती आणि एक कंत्राटी मुलगा स्टुलावर बसला होता. पहिल्या मजल्यावरच्या ट्रंक हॉलला कुलूप. फाटकावर जागा भाड्याने देण्याचा फलक. बाईंनी रस्त्यावरून खिडकी दाखवली, डावीकडून तिसरी. तिच्याखाली त्यांची खुर्ची होती. रुमालवाल्या बाईंचे काय झाले, मी विचारले. त्यांनी सांगितले, स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर दोघींनी एकाच दिवशी, एकाच टेबलावर सही केली. पेन त्या बाईंनी यांच्याकडूनच मागून घेतले होते.